पहिलं मूळ चित्र स्वतः विकताना: चित्रकारांसाठी पायरीपायरीने

मधे गॅलरी नाही, दलाल नाही. चित्र तुमचं, विकणारे तुम्हीच, आणि घेणाऱ्याने ते बहुधा फक्त पडद्यावर पाहिलेलं. अशा व्यवहारात कटकटी होतात त्या बहुतेक एकाच कारणाने: पडद्यावर दिसलं एक आणि खोक्यातून निघालं दुसरं. निळा वेगळाच निघतो, आकार वाटला त्याच्या निम्मा असतो, कोपरा चेपलेला असतो, नाहीतर छपाईचे हक्कही आपल्यालाच मिळाले असं घेणारा धरून चालतो. मी बरीच चित्रं अशी थेट विकली आहेत, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या हा फरक उरू नये यासाठी आहेत.

१. चित्र खरंच विकण्याजोगं झालंय का ते बघा

‘पूर्ण झालं’ आणि ‘विकायला तयार’ यांत अंतर असतं, तैलरंगात तर खूपच. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तो घट्ट होतो. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, पण जाड थर आतून कित्येक महिने ओलाच असतो. जुन्या पद्धतीचं वॉर्निश लावायला सहा महिने ते वर्षभर थांबायचं असतं. हल्लीची काही कृत्रिम रेझिनची वॉर्निशं, जाड भाग दाबून टणक लागले की आधीही लावता येतात, त्यासाठी बाटलीवरची सूचना वाचा. घेणारा घाईत असेल तर वॉर्निश न लावता चित्र द्या आणि तसं लिहून द्या. हे लपवण्यात काही फायदा नाही.

ॲक्रिलिक लवकर वाळतं म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचा थर उष्णतेत मऊ पडतो आणि कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतो. पॅकिंगच्या पायरीत याचा संबंध येईल.

रंगांच्या ट्यूबवरची बारीक अक्षरंही एकदा वाचून घ्या. ‘पीआर ८३’ हे रंगद्रव्य, म्हणजे जुनं अलिझरिन क्रिमसन, उजेडात फिकं पडतं. फ्लुरोसंट गुलाबी आणि पिवळे त्याहून लवकर उडतात. एएसटीएम या अमेरिकी मानक-संस्थेच्या, रंग उजेडात किती टिकतो त्याच्या प्रतवारीत पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातले रंग टिकाऊ मानतात. चित्रात उडणारा रंग असेल तर ते विकू नये असं नाही, पण थेट उन्हात लावू नका हे घेणाऱ्याला सांगावंच लागतं.

मग मागची बाजू. नाव, शीर्षक, वर्ष आणि माध्यम कॅनव्हासच्या पाठीवर लिहू नका. दाबून लिहिलं तर समोर उठाव येतो, मार्करची शाई झिरपते. स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ज्या चौकटीवर ताणलेला असतो तिच्या, लाकडावर लिहा. टांगायची कडी आणि तार लावून द्या, कारण बऱ्याच जणांकडे तेवढी हत्यारंही नसतात. सही वॉर्निशच्या आधी करा.

२. नोंदवही उघडा

प्रत्येक चित्राला एक क्रमांक द्या, वर्ष आणि अनुक्रम मिळून, उदाहरणार्थ २०२५-०७. हाच क्रमांक पाठीमागच्या स्ट्रेचरवर, फोटोच्या फाइलवर, पावतीवर आणि प्रमाणपत्रावर. कागदाची वही चालते, स्प्रेडशीटही चालते. चित्रं कमी असताना हे उगाच वाटतं, पण सुरुवात तेव्हाच करायची असते.

३. फोटो: इथे घाई करू नका

थेट विक्रीत अर्धी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. चित्र भिंतीवर उभं, कॅमेरा त्याच्या बरोबर मध्याच्या उंचीला आणि चित्राला समांतर. कॅमेरा जरा जरी कलला तरी आयताचा समलंब होतो. मोबाइल वापरत असाल तर रुंद लेन्सने जवळून काढू नका, कडा फुगतात. मागे सरका आणि दुपटीची लेन्स वापरा.

उजेडासाठी दोन सारखे दिवे, चित्राच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंशांवर, ५००० ते ५५०० केल्विनच्या आसपासचे (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे पांढरे) आणि रंगदर्शकांक (सीआरआय, दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा. दिवे नसतील तर ढगाळ दिवसाचा खिडकीतला उजेड उत्तम. फ्लॅश नको. खोलीतला पिवळा दिवा आणि खिडकीचा उजेड एकत्र तर कधीच नको, एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी येते आणि ती नंतर दुरुस्त होत नाही. तैलचित्रावर चमक येत असेल तर लेन्सवर चमक कापणारा ध्रुवक फिल्टर (पोलरायझर) लावा. चमक तरीही हटली नाही तर दिव्यांवरही ध्रुवक पत्रा लावतात.

चित्राशेजारी राखाडी कार्ड ठेवून एक फोटो काढा आणि त्यावरून पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) बसवा. फाइल ‘एसआरजीबी’ या, बहुतेक पडदे वापरतात त्या रंगमानकात साठवा, नाहीतर समोरच्याच्या पडद्यावर रंग मरगळलेले दिसतात. मग फोटो पडद्यावर, चित्र शेजारी, आणि उजेड दिवसाचा, असं ठेवून दोन्ही ताडून बघा. अल्ट्रामरीन, जांभळे आणि भडक नारिंगी पडद्यावर हमखास दगा देतात. जमेल तेवढं जुळवा आणि उरलेला फरक शब्दांत लिहा: ‘प्रत्यक्षात निळा जरा गडद आणि कमी जांभळट आहे.’ एवढ्या वाक्याने पुढच्या तक्रारी टळतात. रंग ‘उठावदार’ करायचा मोह इथेच आवरायचा.

एका चित्राचे निदान एवढे फोटो हवेत: पूर्ण चित्र, सही, एक कोपरा, बाजूची कड, पाठ, आणि बाजूने तिरका उजेड टाकून काढलेला पोताचा फोटो. शिवाय आकाराचा अंदाज देणारा एक, शेजारी खुर्ची किंवा उभा माणूस असलेला. सोफ्यावर चित्र लटकवून दाखवणारी तयार दृश्यं वापरायला हरकत नाही, पण माप खरं ठेवा. ३० सेंटिमीटरचं चित्र अख्ख्या भिंतीवर पसरलेलं दाखवणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

४. वर्णन लिहा, कविता नंतर

आधी वस्तुस्थिती. संग्रहालयांच्या रिवाजात उंची आधी, रुंदी नंतर, जाडी शेवटी. उलट लिहिलं तर आडवं चित्र उभं समजलं जातं. नमुना असा:

> ‘उतरतं ऊन’, २०२५. कॅनव्हासवर तैलरंग. ६० × ९० × ४ सें.मी. मूळ, एकमेव चित्र. समोर उजवीकडे खाली सही. कडा रंगवलेल्या, फ्रेमशिवाय टांगता येतं. वॉर्निश अजून लावलेलं नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात रंगाचा जाड थर. कुठेही तडा किंवा दुरुस्ती नाही.

‘मिश्र माध्यम’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. काय मिसळलंय ते सांगा: ॲक्रिलिक, कोळसा, चिकटवलेला कागद. ‘मूळ’ हा शब्द जपून वापरा. कॅनव्हासवरच्या छपाईवर चार फटकारे मारले म्हणजे ते मूळ चित्र होत नाही. तसंच एखाद्या मालिकेत सारखी दिसणारी पाच चित्रं असतील तर ते सांगून टाका. घेणाऱ्याने दुसरं आपणहून पाहिलं की विश्वास उडतो.

यानंतर चित्राविषयी चार ओळी लिहा. कुठला उजेड होता, काय खोडून पुन्हा काढलं, पाठीमागचा थर कशाचा आहे. ‘हे चित्र अस्तित्वाच्या अनाकलनीय शोधाचा आविष्कार आहे’ ही ओळ कुठल्याही चित्राखाली चिकटवता येते. म्हणून ती नको.

५. किंमत

भीड भिकेची बहीण म्हणतात ते किमतीच्या बाबतीत पुरेपूर खरं आहे. आपणच आकडा पुटपुटत सांगितला की समोरचा तो खाली खेचणारच.

सुरुवातीला सूत्र हवं. दोन प्रचलित आहेत. एकात लांबी-रुंदीचा गुणाकार करून त्याला दर लावतात, दुसऱ्यात बेरीज करून. फरक मोठा पडतो. २० × ३० सेंटिमीटरच्या चित्राचं क्षेत्रफळ ६००, आणि ६० × ९० चं ५४००, म्हणजे नऊ पट. बेरजेने पाहिलं तर ५० आणि १५०, म्हणजे तिप्पट. क्षेत्रफळाच्या हिशेबाने मोठी चित्रं आवाक्याबाहेर जातात आणि लहान कवडीमोल होतात. नवख्याने बेरजेचं सूत्र घ्यावं असं माझं मत आहे. दर ठरवताना तुमच्याइतक्याच अनुभवाच्या, तुमच्याच माध्यमात काम करणाऱ्या चित्रकारांची *विकली गेलेली* चित्रं पाहा. मागितलेली किंमत कोणीही काहीही लावतो. फ्रेम आणि पाठवण्याचा खर्च या दराच्या बाहेर, वेगळा धरा.

लागलेल्या तासांवर किंमत ठरवू नका. एखादं चांगलं चित्र एका बैठकीत होतं, फसलेलं महिनाभर छळतं. ‘हे माझं लाडकं’ म्हणून दुप्पट लावणंही तितकंच चूक आहे. इतकं लाडकं असेल तर विकायला काढूच नका.

गॅलऱ्या साधारण ४० ते ५० टक्के कमिशन घेतात. म्हणून बरेच जण म्हणतात की स्वतः विकताना निम्म्यात देऊ. हा सापळा आहे. उद्या एखाद्या गॅलरीने तुमचं काम घेतलं तर तिथली किंमत आणि तुमच्याकडची किंमत एकच लागते, नाहीतर गॅलरी तुम्हाला दाराबाहेर काढेल आणि आधी घेतलेल्यांनाही कळेल की किंमत हवेतली होती. कमिशनचा वाटा किमतीत पहिल्या दिवसापासून असू द्या. फोटो, पॅकिंग, पत्रव्यवहार ही गॅलरीची कामं तुम्हीच करताय, तो त्याचाच मोबदला.

सवलत द्यायची असेल तर तिची कमाल मर्यादा आधीच ठरवून वहीत लिहा. नातेवाइकांसाठीही तीच. एकदा वाढवलेली किंमत खाली आणता येत नाही, म्हणून वाढ थोडीथोडी करा.

६. कुठे मांडायचं

स्वतःचं संकेतस्थळ, ऑनलाइन कलाबाजार, समाजमाध्यमं, कलामेळा, स्टुडिओतलं खुलं प्रदर्शन, सगळं चालतं. दोनच गोष्टी बघा. एकच मूळ चित्र चार ठिकाणी लावलं असेल तर एका ठिकाणी विकल्याबरोबर बाकीच्या ठिकाणांहून उतरवा. आणि भिंतीचं भाडं म्हणून चित्रकाराकडूनच आगाऊ पैसे मागणाऱ्या ‘प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय प्रदर्शना’च्या आमंत्रणांपासून लांब राहा. त्यांची कमाई चित्रकारांकडून होते, घेणाऱ्यांकडून नाही. चित्र विकलं जाण्याची त्यांना गरजच उरत नाही.

७. चौकशी आली: खरी की खोटी?

चित्रकारांना गंडवणाऱ्यांच्या ठराविक कथा आहेत. त्या एकदा ओळखीच्या झाल्या की हसू येतं.

*जास्तीचा धनादेश.* ‘माझ्या पत्नीला तुमचं काम फार आवडलं, तिला गुपचूप भेट द्यायचंय, आम्ही घर बदलतोय, सामान नेणारा माझाच माणूस चित्र उचलेल.’ मग धनादेश येतो किमतीपेक्षा मोठ्या रकमेचा, आणि वरचे पैसे त्या सामानवाल्याला पाठवायची विनंती. काही दिवसांनी धनादेश खोटा निघतो. तुम्ही पाठवलेले पैसे मात्र खरे असतात.

*पैसे ‘अडकलेत’.* बँकेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या नावाने ईमेल येतो की रक्कम जमा आहे, कुरिअरचा क्रमांक दिलात की सुटेल. असं काही नसतं. ईमेलमधल्या दुव्यावर न जाता स्वतः खात्यात जाऊन शिल्लक बघा.

*एनएफटी.* तुमची चित्रं भल्यामोठ्या किमतीला डिजिटल टोकन म्हणून घ्यायची असतात, फक्त आधी अमुक संकेतस्थळावर तुम्ही ‘गॅस फी’, म्हणजे व्यवहार नोंदवायचं शुल्क, भरायची. विकणाऱ्यालाच पैसे भरायला लावणारा घेणारा घेणारा नसतो.

पारख सोपी आहे. उत्तरात विचारा: ‘कुठलं चित्र? आणि कुठल्या भिंतीसाठी?’ खरा माणूस शीर्षक सांगतो, माप विचारतो, कधीकधी भिंतीचा फोटोच पाठवतो. भामटा पुन्हा पत्नीकडे वळतो.

८. पैसे आणि कागद

पूर्ण रक्कम खात्यात दिसेपर्यंत चित्र घराबाहेर जाऊ देऊ नका. हप्ते द्यायला हरकत नाही, पण वेळापत्रक लेखी असावं आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत चित्र तुमच्याकडे राहावं. ‘माझ्यासाठी ठेवा’ म्हणणाऱ्याला मुदत सांगा. मुदत संपली की चित्र पुन्हा विक्रीला.

चित्रासोबत द्यायचे कागद:

- पावती: तारीख, दोघांची नावं, चित्राचा तपशील, किंमत, वाहतूक खर्च वेगळा. कर लागतो का ते तुमच्या देशाच्या नियमाप्रमाणे
- अस्सलपणाचं प्रमाणपत्र: चित्राचा छोटा फोटो, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप, नोंदक्रमांक, ‘मूळ व एकमेव’ असा उल्लेख, शाईने सही
- स्थितीची नोंद: पाठवायच्या दिवशीचे फोटो आणि दोन ओळी
- निगेची चिठ्ठी
- हक्कांबाबत आणि परत घेण्याबाबत लेखी अटी

हक्कांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. चित्र विकलं म्हणजे वस्तू विकली. त्याची छपाई करण्याचा, मगवर किंवा मुखपृष्ठावर वापरण्याचा हक्क वेगळा लेखी करार केल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो. १८८६ च्या बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आज १८० हून अधिक देश आहेत आणि चित्रकाराच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं हे संरक्षण त्यात आहे. चित्राखाली तुमचं नाव असण्याचा आणि तुमच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्कही त्यातच येतो. हे घेणाऱ्याला माहीत नसतं, त्यात त्याचा दोष नाही. पावतीवर एक वाक्य टाका. कोणाच्या मागणीवरून काढलेल्या चित्रांचे नियम मात्र देशागणिक बदलतात, तिथे करार आधी करा.

चित्र पुढे पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा मिळावा ही कल्पना फ्रान्समध्ये १९२० साली कायद्यात आली, आणि युरोपीय संघाने २००१ मध्ये त्यासाठी निर्देश काढला. १९७१ मध्ये अमेरिकी कलाविक्रेते सेथ सीगेलॉब आणि वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांनी चित्रकारांसाठी एक करारनामाच तयार केला होता, त्यात वाढीव किमतीच्या १५ टक्के चित्रकाराला देण्याची अट होती. पहिल्याच विक्रीत अशी अट घालून घेणाऱ्याला बिचकवावं असं मला वाटत नाही. पण ही सोय तुमच्या देशात कायद्याने आहे का, हे माहीत असावं.

परतीची मुदतही लिहा. युरोपीय संघातल्या ग्राहकाला व्यावसायिक विक्रेत्याकडून दुरून घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करायचा हक्क आहे, तिथे ‘परत घेतलं जाणार नाही’ लिहून भागत नाही.

९. पॅकिंग

साहित्य आधी गोळा करा: ग्लासीन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद (ॲक्रिलिकसाठी सिलिकॉनचा लेप असलेला न चिकटणारा कागद), पुठ्ठ्याचे जाड कोपरे, बबल रॅप, चित्रापेक्षा थोडे मोठे दोन फोमबोर्ड, रुंद चिकटपट्टी, एकात एक बसणारे दोन खोके.

तत्त्व एकच. रंगाच्या पृष्ठभागाला शक्यतो काहीच टेकू नये. कोपरे जाड असले की पुढचा कागद रंगापासून अंतर राखतो. बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा. ते ॲक्रिलिकवर आतून दाबले गेले आणि गाडी उन्हात तापली, तर गोल ठसे कायमचे उमटतात. त्यावर दोन्ही बाजूंनी फोमबोर्ड, मग पहिला खोका, त्याभोवती सगळीकडून निदान पाच सेंटिमीटर भरण, मग दुसरा खोका. हलवून बघा. आत काहीही सरकलं तर भरण कमी आहे. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे सुरी न लावता उघडता येतं. उघडताना कॅनव्हास कापला जाणं हा अपघात विरळ नाही.

काच असलेली फ्रेम पाठवू नका. ॲक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा, पत्रा बसवा. काच ठेवावीच लागली तर तिच्यावर कागदी टेपचं जाळं लावा, फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत.

गुंडाळून पाठवायचं तर रंगाची बाजू बाहेर. आत ठेवली तर थर दाबला जाऊन सुरकुततो. नळी जितकी जाड तितकी बरी, दहा-पंधरा सेंटिमीटर व्यासापेक्षा बारीक नको. जाड थरांचं चित्र गुंडाळूच नका. थंडीतून आलेली नळी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, हे बाहेर मोठ्या अक्षरांत लिहा.

भाडं आधी काढा, किंमत नंतर सांगा. हवाई कुरिअरवाले बहुधा आकारमानाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ११० × ९० × २० चा खोका काट्यावर आठ किलो भरला तरी भाडं ३९.६ किलोचं लागतं. ‘वाहतूक मोफत’ असं उत्साहात लिहिणाऱ्यांचा नफा इथेच वाहून जातो.

विम्याच्या अटींतही वाचा की मूळ कलाकृतींना भरपाई आहे का. अनेक वाहतूकदार ती वगळतात किंवा अगदी कमी मर्यादा घालतात. मोठ्या किमतीच्या चित्रासाठी वेगळा विमा काढा, आणि चित्र सही घेऊनच हाती द्यायला सांगा.

१०. देशाबाहेर जात असेल तर

सीमाशुल्काच्या कागदावर नुसतं ‘सजावटीची वस्तू’ लिहू नका. संपूर्ण हाताने काढलेल्या चित्रांचं जागतिक वर्गीकरण ९७०१ या शीर्षकाखाली येतं. २०२२ च्या बदलानंतर शंभर वर्षांहून जुनी चित्रं वेगळी काढली गेली, आजच्या चित्राला ९७०१.९१ लागतो. अनेक देशांत मूळ चित्रांना इतर मालापेक्षा सौम्य दर असतो, तो मिळायचा तर वर्णन आणि क्रमांक बरोबर हवेत. कर घेणाऱ्याला भरावा लागेल हे त्याला आधी सांगा.

घेणारा म्हणेल, ‘भेटवस्तू’ लिहा, किंमत कमी दाखवा. नकार द्या. खोटं विवरण हा गुन्हा तर आहेच, शिवाय चित्र हरवलं तर विमा कागदावरच्या किमतीचीच भरपाई देतो.

लाकडी पेटी वापरत असाल तर तिच्यावर आयएसपीएम १५ या, लाकडातली कीड सीमेपार जाऊ नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा, म्हणजे बहुधा लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेलं. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून मी तेच सुचवतो.

११. पोचल्यावर

त्याच दिवशी निरोप पाठवा, खोका उघडतानाचे फोटो मागा. नुकसान असेल तर खोका फेकू नका असं सांगा, दाव्यासाठी तो लागतो. निगेच्या चिठ्ठीतलं पुन्हा एकदा सांगा: थेट ऊन नको, ओलसर भिंत नको, हीटरच्या वर नको, धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकायची, ओलं फडकं कधीच नाही. तैलचित्र बराच काळ अंधाऱ्या खोक्यात राहिलं तर जवसाचं तेल पिवळट पडतं. तसं दिसलं तर काही दिवस उजेडात, पण उन्हात नव्हे, ठेवायला सांगा. बहुतेक वेळा उतरतं.

मग नोंदवहीत घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आणि मिळालेली रक्कम लिहा. पुढे मोठं प्रदर्शन झालं आणि हे चित्र काही दिवसांसाठी मागायची वेळ आली, तर पत्ता इथेच सापडणार. ते पुन्हा विकलं गेल्याचं कळलं तर जुनं नाव खोडू नका. खाली नवी ओळ टाका, कारण मालकीची ही साखळीच पुढे चित्र अस्सल असल्याचा पुरावा म्हणून मागितली जाते.